बिनपाण्याची मोटार

ती मोटार आमच्या अंगणात उतरली तेव्हा मी एका नवरीचं ब्लाऊज शिवत होते. गाडीतून पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी दोघे जण सांभाळून उतरवताना दिसले आणि मला वाटलं, ह्यांनी पुन्हा कोणाचं तरी भंगार उचललं. हे म्हणजे माझे यजमान. पवनी रस्त्यावर ह्यांचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे आणि भंगार दिसलं की ह्यांचा जीव पाघळतो. पोतं सोडलं तर आत नावेला मागून लावायची पेट्रोलची मोटार निघाली. वर इंजिनाचं डोकं, मधे लांब दांडा, खाली तीन पात्यांचा पंखा, त्यातल्या एका पात्याचा कोपरा उडालेला. नागपूरकडच्या कुठल्याशा तलावावर पूर्वी लोकांना बोटीत बसवून फिरवायचे. तो धंदा बसला आणि ही मोटार तेव्हापासून गोदामात पडून होती.

“अजी, हे काय उचलून आनलं?”

“बोटीची मोटार हाये. सेकंड हँड हाये, पन कंडिशन पाह्य.”

“पाहूनच राहिली. मुंगळ्यायनं घर केलं हाये यात.”

“मुंगळे निंगून जातीन,” हे म्हणाले. “मामीले आनाले होईन. सकाळी आनू, संध्याकाळी नेऊन देऊ.”

मग मी हातातलं ब्लाऊज बाजूला ठेवलं. मामी म्हणजे माझी माय.

माय पाण्याच्या पलीकडे राहायची. धरणाचं पाणी चढलं तेव्हा माझ्या माहेरचं अर्धं गाव आणि आमच्या सगळ्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, बुडाली. मायचं घर उंचावर होतं, ते तेवढं वाचलं. बाप त्याच्या आधीच गेला होता. भाऊ नाही, बहीण नाही, तिला मी एकटीच. आमच्या घरामागच्या काठावर उभं राहिलं तर तिच्या दारचं चिंचेचं झाड दिसतं. पण रस्त्याने जायचं म्हटलं तर भंडाऱ्याच्या पुलावरून फिरून, दोन एस.टी. बदलून आणि पुढे मिळाला तर ऑटो. नुसतं पोहोचायलाच अर्धा दिवस जातो.

मग म्हातारीला घरी आणून ठेवायचं, त्यात काय एवढं, असं कोणीही म्हणेल. मला सगळ्यांनीच म्हटलं. पण आमच्याकडच्या काही जुन्या घरांत एक रीत आहे. लेकीला लेकरू होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही आणि तिच्या घरी मुक्काम करायचा नाही. लेकरू झालं की रीत सुटली. बाकीच्या बायांच्या आया वर्षा-दोन वर्षांत रीतीतून सुटतात. माझी माय सुटलीच नाही, कारण मला मूल झालं नाही. नागपूरचे डॉक्टर झाले, नवस-उपास झाले, लोकांनी सांगितलेली झाडपाल्याची औषधंही झाली, आणि ते सगळं सोडून दिल्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझे केस पिकले. मायची रीत मात्र चालूच. ती आली की कापडी पिशवीतून आपली पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकर काढायची, माझ्या ओसरीवर बसून आपलंच खायची, आपलंच प्यायची आणि दिवेलागणीच्या आत उठायची. त्या बाटलीचा मला इतका राग यायचा की कधीकधी वाटायचं, उचलून उकिरड्यावर फेकून द्यावी.

एकदा मी भांडलेच. “काहून माय? मी परकी हाव का? माह्या घरचं पानी खराब हाये का?”

ती जराही चिडली नाही. “खराब कायले राहीन वो बाई? पन म्या पानी पेली त देवाले वाटंन का इनं आस सोडली. मंग तो कायले देईन?”

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. ह्यांच्यासाठी ती आस संपली होती, माझ्यासाठीही संपली होती. साऱ्या जगात एकट्या मायच्या बाटलीत ती उरली होती, आणि म्हणूनच मला तिचा राग येत असावा.

गेल्या उन्हाळ्यात चप्पल घासून मायच्या अंगठ्याला जखम झाली. तिला साखर. जखम भरेना. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं: दिवसाआड नर्सच्या हातून पट्टी झाली पाहिजे, जखम कोरडी राहिली पाहिजे, नाही तर पाय हातचा जाईल. मायच्या गावात दवाखाना नाही. आमच्या गावात लहानसा आहे आणि तिथली नर्स हाताची फार चांगली. म्हणजे मायला दिवसाआड इकडे आणायचं आणि दिवेलागणीच्या आत परत सोडायचं. ह्यांच्याकडे मासे धरणाऱ्या एकाचा जुना डोंगा होता. बांबू रोवत रोवत हे तिला आणायला जायचे, आणायचे, सोडायला जायचे आणि परत यायचे. एका दिवसात चार वेळा पाणी ओलांडायचं, तेही जलकुंभीच्या तरंगत्या गचपणातून. ह्यांची कंबर बोलायला लागली. दुकान बंद राहायला लागलं. त्यातून ही मोटार आली.

तर मोटारीत काय काय मेलेलं होतं ते सांगते. टाकीतलं पेट्रोल आटून डिंकासारखं झालं होतं. कार्बोरेटरची भोकं बुजली होती. ती साफ करायला ह्यांनी माझ्या शिलाई मशीनची सुई नेली आणि मोडून परत आणली. माझी तेलाची बाटलीही नेली, ती आलीच नाही. हे संध्याकाळभर मोबाइलवर मोटार दुरुस्तीचे हिंदी व्हिडिओ पाहायचे आणि जेवताना मला शिकवायचे. आजकालचं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं म्हणून रोज ताजं भरायचं. त्यात ऑइल मापून मिसळायचं, कमी पडलं तर पिस्टन धरतो, जास्त झालं तर प्लग काळा होतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मोटारीच्या मागच्या भोकातून पाण्याची बारीक धार पडत राहिली पाहिजे. ही मोटार खालून पाणी ओढते आणि त्या पाण्याने स्वतःला थंड ठेवते. आत पंपात रबराचं लहानसं चाक असतं, ते हे काम करतं.

“धार पडून राहिली म्हनजे जीव हाये समज,” हे म्हणाले.

“म्हनजे मुतली त बरी, नाही मुतली त बिमार,” मी म्हटलं. “तुमच्या मोटारीचं मानसासारखंच हाये.”

हे हसले. त्या दिवसांत आम्ही हसायचो, हे आठवलं की मला आता कसंतरी होतं.

पहिल्या दिवशी मोटार चालू झाली आणि डोंगा मात्र जागचा फारसा हलला नाही. आवाज एवढा की काठावरचे बगळे उडाले, आणि आम्ही आपले बैलगाडीच्या चालीने. डोंगा हा काही मोटारीसाठी केलेला नसतो. त्याची दोन्ही टोकं निमुळती. ह्यांनी मागचं टोक करवतीने कापून तिथे सागाची जाड फळी ठोकली होती आणि फटींना डांबर फासलं होतं. त्या फळीवर मोटारीचं ओझं, मोटारीशी हे, आणि ह्यांच्याशी बोलता यावं म्हणून जवळच बसलेली मी. मागची बाजू पाण्यात रुतली आणि पुढचं नाक आभाळात. पंखा खूप खोल गेला. मग ह्यांनी फळीवर दुसरी फळी चढवून मोटार वर घेतली, तर पंखा वळणावर हवा खाऊन नुसता किंचाळायला लागला. मग अर्धी फळी तासली. मोडक्या पात्याच्या मापाने बाकीची दोन पाती कानशीने घासली, तेव्हा कुठे हातापायाला बसणारे हादरे कमी झाले. मोटार कमीजास्त कललेली ठेवायला मागे भोकं असतात, त्यातली सगळी भोकं ह्यांनी बदलून पाहिली. जलकुंभीचे दोरे पंख्याला गुंडाळायचे, ते कापायला विळा जवळ ठेवला. तरीही आमचं नाक वरच.

रोज संध्याकाळी हे ओले होऊन घरी यायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. सेकंड हँड वस्तूचं असंच असतं, पहिल्या मालकाने तिला कसं वागवलं ते आपल्याला माहीत नसतं आणि सगळं आपल्याच हातात येऊन बिघडतं, हे मला माझ्या शिलाई मशीनवरून माहीत होतं. मी कोरडा शर्ट काढून ह्यांच्यापुढे ठेवायची.

मार्ग निघाला तो मायमुळे. एक दिवस पट्टीसाठी तिला आणायला गेलो तेव्हा ती नेहमीसारखी मधे न बसता सरळ डोंग्याच्या पुढच्या टोकाशी जाऊन बसली. मागे पेट्रोलचा वास येतो, मळमळते, म्हणाली. ह्यांनी दोरी ओढली, वेग दिला, आणि डोंग्याचं नाक खाली आलं. डोंगा पाण्यावर सपाट झाला आणि असा सुटला की माझा पदर उडाला. हे मागून ओरडले, “मामी, हलू नका! तसेच बसून राहा!”

“काहून जी?”

“तुमच्या वजनानं चालून राहिली!”

माय खूश झाली. मागे वळून म्हणाली, “पाह्य वो बाई, जवायाले माह्यं वजन लागून राहिलं.”

त्या दिवसापासून तिची जागा ठरली. ती पुढे बसायची आणि बोटाने रस्ता दाखवायची. वरून सगळं सारखंच पाणी, पण तिला खालचं शेत, त्याचे बांध-धुरे दिसायचे. “डाव्या अंगानं घ्या जवाई, इथं आपल्या बांधीचा धुरा हाये, पंखा लागंन.” आणि खरंच, एकदा तिचं न ऐकता सरळ घेतलं तर बुडालेल्या बाभळीच्या खोडाला पंखा लागून आतली खीळ तुटली होती. आपल्याच शेतावरून ती अशी जायची आणि तिच्या चेहऱ्यावर दुःख दिसायचं नाही. ते दुःख सगळं मीच करायची.

पावसाळा तसा बरा गेला. पाऊस जोराचा असला की डोंगा काढता येत नसे, पण बहुतेक पट्ट्या झाल्या. घरापासून घरापर्यंत पाऊण तास लागायचा. माय यायची, पट्टी व्हायची, ओसरीवर बसून आपली भाकर खायची, बाटलीतलं पाणी प्यायची, माझ्या शिवणाला नावं ठेवायची आणि ऊन कललं की उठायची. जखमेच्या कडा गुलाबी झाल्या, मग आत सरकायला लागल्या. नर्स म्हणाली, “मावशी, वाचला जी तुमचा पाय.” मला आनंद झाला. इतका झाला की त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, कोणाजवळ बोलू नका, नजर लागेल.

दसऱ्याच्या दिवशी सकाळीच पट्टी झाली. माय नव्या लुगड्यात आली होती. आमच्याकडे दसऱ्याला अवजारांची आणि गाड्यांची पूजा असते. ह्यांनी दुकानातल्या गाड्या अंगणात ओळीने लावल्या, माझं शिलाई मशीन ओसरीवर काढलं, आणि डोंग्यावरून मोटार सोडून आणून, धुऊन, अंगणात एका लाकडी बाकाला कसली. हळदकुंकू, झेंडूची माळ, धूप, नारळ. गल्लीतली माणसं सोनं द्यायला आली होती, ती मोटार पाहायला थांबली. पूजेनंतर गाडी चालू करून चाकाखाली लिंबू चिरडायचं, ही रीत तर सगळीकडेच आहे. एकेक गाडी चालू झाली, पुढे गेली, लिंबू फुटलं. शेवटी मोटार राहिली.

“हे बी चालू करा न भाऊ,” कोणीतरी म्हणालं.

“हे जमिनीवर चालू करत नाही जी,” हे म्हणाले. “हिले पानी लागते. बिनपान्याची चालवली त आतलं रबर जळते.”

लोक मान डोलवून सोन्याची पानं काढायला लागले. विषय संपला होता. तेवढ्यात ओसरीवरून माय म्हणाली, “जवाई, पूजा झाली न? मंग चालू करा. पूजलेली गाडी मुकी ठेवत नाही. जराशी करा, माह्यासाठी.”

ह्या घरात मायने काही मागितलं नव्हतं, कधीच. पाणी नाही, चहा नाही, उशी नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, जावयाला सासूसाठी काही करायची संधीच तिने दिली नव्हती. ह्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पुढे झाले आणि दोरी ओढली.

ती मोटार त्या दिवशी जशी वाजली तशी पाण्यात कधी वाजली नाही. खाली पाण्याचा जोर नाही, जलकुंभी नाही, काही नाही. पंखा झेंडूच्या पाकळ्या उडवत मोकळा फिरत होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माय तोंडाला पदर लावून हसत होती. तिला तशी हसताना मी कधी पाहिलं होतं ते आठवेना. मी मागच्या भोकाकडे पाहिलं. धार नव्हती. धार कुठून असणार? मी ओरडले, “बंद करा, अजी, बंद करा!” पण त्या आवाजात माझं काय ऐकू जातं. हे मायकडे पाहत होते आणि हळूहळू वेग वाढवत होते, तिला आणखी हसवायला. काहीतरी जळाल्याचा वास आला. धूप चालूच होता. लोकांना तो वास धुपाचाच वाटला.

बंद केल्यावर ह्यांनी पंपाच्या जागी हात लावला आणि झटकन काढला. “काही नाही होत, थोडंसंच त चालवलं,” हे कोणी विचारलं नसताना म्हणाले.

संध्याकाळी तिला सोडायला निघालो. काठापासून थोडं अंतर नीट गेलो. मग मी मागे पाहिलं तर धार नुसती थेंब थेंब. मग तेही थांबलं. हे वेग कमी करून पुढे रेटत राहिले, कारण परत फिरलो असतो तर मायचा मुक्काम आमच्या घरी पडला असता, आणि ते तिला चाललं नसतं. आमच्याच बुडालेल्या बांध्यांवर मोटारीने एक घरघर केली आणि जाम झाली. दोरी ओढली तर दोरी हलेना.

बांबू होता डोंग्यात. पण वाऱ्याने जलकुंभी आमच्या भोवती दाटली होती, आणि हे मागच्या बाजूला उभं राहून जोर लावायचे तसं कापलेल्या टोकाच्या फटीतून पाणी आत यायचं. डांबराने कुठेतरी दगा दिला होता. मी डब्याने उपसत होते. अंधार पडायला लागला. मायने पाय वर घेऊन बसायचा प्रयत्न केला, पण निमुळत्या टोकात पाय वर घ्यायला जागा कुठली? पट्टी भिजली. हिरवं, वास मारणारं पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं होतं. तिच्या काठाला लागलो तेव्हा गावात दिवे लागून गेले होते.

“काही नाही झालं मले,” ती म्हणाली. “जवायाले काही बोलजो नोको.”

जळायचं ते जळलं होतं, आणि ज्याच्यावर चिडावं असं कोणी सापडत नव्हतं. मायच्या हसण्यावर चिडू का?

ते रबराचं चाक भंडाऱ्यात मिळालं नाही, नागपुरात मिळालं नाही. ऑनलाइन मागवलं तर भलत्याच मापाचं आलं. परत पाठवलं, दुसरं मागवलं, ते येईना. पिस्टन घासला होता तो वेगळाच. हे बांबूवर डोंगा नेऊन मायला आणत राहिले, आणि एक दिवस भर पाण्यात ह्यांची कंबर अशी धरली की दोघा मासेमारांनी ह्यांना उचलून घरी आणलं. मग हे पलंगावर आणि मोटार बाकावर, दोघंही पोत्याने झाकलेली.

मी फोन केला की माय म्हणायची, “इथली एक पोरगी पट्टी करून देऊन राहिली. पाय बरा हाये. सुकला हाये. तू जवायाले सांभाळ.” मी म्हणायची, माय, माझ्याकडे ये, शेजारच्या घरात राहा, ओसरीवर झोप, पण ये. ती हसायची. मला ते खरं वाटलं, कारण खरं वाटावं अशीच माझी इच्छा होती. ह्यांना जरा उठता यायला लागल्यावर मी एस.टी.ने गेले. दारात पाऊल ठेवलं आणि वास आला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी पडली होती. पट्टी तिची तीच करत होती, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात गुडघ्याच्या खाली पाय कापला. डॉक्टर म्हणाले, दिवसाआड पट्टी करा म्हणून सांगितलं होतं ना. मी हो म्हटलं. त्यांना मोटारीची गोष्ट सांगून काय उपयोग होता?

तिथून तिला आमच्या घरी आणलं. तिने नाही म्हटलं नाही. तिकडे तिला उचलणारं कोणी नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पहिल्या दिवशी दिवेलागण झाली तेव्हा ती पलंगावर चुळबुळ करायला लागली, हाताने पिशवी चाचपायला लागली. मग थांबली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मुक्कामाची रीत अशी मोडली. पाण्याची मात्र तिने मोडली नाही. शेजारीण फार भली. तिच्या घरून तांब्या भरून यायचा. मी आमचंच पीठ घेऊन तिच्या शेगडीवर मायच्या भाकरी करायची. सगळ्या गल्लीला माहीत होतं, कोणी हसलं नाही. ह्यांना मात्र सहन व्हायचं नाही. शेजारचा तांब्या दारातून आत आला की हे उठून बाहेर जायचे.

बाहेर जाऊन ह्यांनी काय केलं, तर मोटार पुन्हा खोलली. एव्हाना योग्य मापाचं चाक आलं होतं. पिस्टन घासूनपुसून बसवला, नव्या कड्या टाकल्या. डोंग्याच्या मागच्या टोकाला नवी फळी ठोकली, फटी भरल्या. मी म्हटलं, आता कशाला? हे म्हणाले, मामीला घरी जायचं असेल. तिथे राहायला नाही, पण घर पाहून यायला तरी. तिची जागा पुढची, तिथे टेकायला पाट बसवतो. कंबरेला पट्टा बांधून हे दिवसभर वाकलेले असायचे. दया यायची आणि संतापही यायचा. पण अडवलं नाही. ह्यांच्याकडे दुसरं काय होतं करायला?

एका दुपारी ह्यांनी अंगणात प्लास्टिकचा मोठा ड्रम पाण्याने भरला, मोटार त्यात सोडून कसली आणि दोरी ओढली. पहिल्या झटक्यात चालू झाली. आवाज खोल, एकसारखा, कुठे अडकणं नाही. मागच्या भोकातून धार निघाली ती सरळ, जाड, थेट तुळशीच्या ओट्यापर्यंत. एवढी चांगली ती गोदामात जायच्या आधी तरी चालत होती की नाही कोणास ठाऊक. हे तिला तशीच चालू सोडून आत आले. हात काळे, शर्ट ओला, चेहरा लहान मुलासारखा.

मायने डोळे उघडले. “आपलीच मोटार होय न?”

“होय मामी. आता एकदम ओके हाये. अर्ध्या तासात घरी नेतो तुमाले. उद्या सकाळी जाऊ, संध्याकाळी वापस. तुमच्यासाठी पुढं पाट ठोकला हाये.”

ती बराच वेळ आवाज ऐकत राहिली. मग म्हणाली, “चांगली चालून राहिली. पन आता कायले, जवाई?”

ह्यांनी काळे हात शर्टाला पुसले. माय माझ्याकडे वळली.

“बाई, पानी देजो.”

मी उशाशी ठेवलेला शेजारणीचा तांब्या उचलला.

“थो नोको,” माय म्हणाली. “तुह्या घरचं दे.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. एवढी वर्षं ज्या एका गोष्टीसाठी मी भांडले, रडले, ती बाटली फेकून द्यायला निघाले, ती गोष्ट तिने मागितली होती, आणि मला ती द्यायची नव्हती. काहून वो माय, थोडी थांब, असं ओठावर आलं होतं. पण कशासाठी थांब म्हणायचं ते मला सांगता आलं नसतं.

मी माठातून पाणी काढलं. पेला भरून तिच्या हातात दिला. माय ते सगळं प्याली आणि पेला मला परत दिला. बाहेर मोटार चालूच होती, हे तिला बंद करायला गेले नव्हते.